रासकर, रमेश

कॉम्प्युटर ग्राफिक्स आणि संगणकीय छायाचित्रण या विषयांतील संशोधक व प्राध्यापक. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटी) मीडिया लॅबमध्ये सहयोगी प्राध्यापक आणि तेथील ‘कॅमेरा कल्चर’ या संशोधनगटाचे प्रमुख. जन्म नाशिक येथे.

वस्तूचा आकार, तिचा पृष्ठभाग आणि तिच्यावर पडणारे दिवे यांची माहिती गणितात घालायची आणि पडद्यावर चित्र उमटवायचे, हे कॉम्प्युटर ग्राफिक्सचे नेहमीचे काम. रासकरांनी हे गणित पडद्याबाहेर आणले. खोलीतला प्रोजेक्टर, कॅमेऱ्याचा फ्लॅश, त्याचे शटर, लेसरचा स्पंद, यांतून प्रकाश कधी, कुठे आणि किती सोडायचा हे संगणकाने ठरवावे, म्हणजे पुढचे गणित सुटते, ही त्यांच्या बहुतेक कामामागची धारणा आहे. विषय वरवर फार वेगळे दिसले तरी ही धारणा पंचवीस वर्षांत फारशी बदललेली नाही.

शिक्षण : अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून (सीओईपी). पीएच.डी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, चॅपेल हिल, २००२.

चॅपेल हिल : येथील संगणकशास्त्र विभाग फ्रेड ब्रूक्स यांनी १९६४ मध्ये स्थापन केला. हेन्री फुक्स आणि ग्रेग वेल्च यांच्याबरोबर रासकरांनी येथे काम केले. आभासी जगासाठी डोक्यावर जड पडदा बांधण्याचे प्रयोग त्या काळात जोरात होते. या तिघांनी उलट वाट धरली : माणसाच्या डोक्यावर काही न चढवता खोलीच्या भिंती आणि वस्तूच पडदा करायच्या. कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या ‘सिग्राफ’ या परिषदेतील १९९८ च्या ‘ऑफिस ऑफ द फ्यूचर’ या निबंधात छतावरच्या दिव्यांच्या जागी प्रोजेक्टर आणि कॅमेरे बसवण्याची कल्पना मांडलेली आहे. प्रोजेक्टरने डोळ्यांना न जाणवणारे आकृतिबंध टाकायचे, कॅमेऱ्याने ते टिपून खोलीचा त्रिमितीय आकार काढायचा आणि दूरच्या सहकाऱ्याचे दृश्य त्याच भिंतींवर बसवायचे, अशी ती रचना होती. ती पूर्णपणे उभी राहिली नव्हती. निबंधात बरेचसे आराखड्याच्या रूपातच आहे, आणि तरीही या क्षेत्रात तो आजवर वारंवार उद्धृत होतो.

२००१ चे ‘शेडर लॅम्प्स’ हे काम जास्त नेमके. ताजमहालाची रंगहीन, पांढरी प्रतिकृती टेबलावर ठेवून दोन प्रोजेक्टरांनी तिच्यावर संगमरवराचा पोत, सावल्या आणि उजेडाचे रंग टाकले गेले. प्रतिकृती तशीच राहते, तिच्यावरचा प्रहर बदलतो. यातली खरी अडचण दोन प्रोजेक्टरांचा प्रकाश जिथे एकमेकांवर चढतो तिथली. तेथे भाग दुप्पट उजळ होतो, आणि कोपऱ्यापाशी एका प्रोजेक्टरची बाजू संपून दुसऱ्याची सुरू होताना शिवण दिसते. कोणत्या बिंदूवर कोणत्या प्रोजेक्टरचा किती वाटा घ्यायचा, हे त्या जागेच्या खोलीतील फरक पाहून ठरवण्याची पद्धत या निबंधात आहे. आज इमारतींवर आणि किल्ल्यांवर जे प्रकाशखेळ होतात, त्यांच्या तांत्रिक पूर्वजांमध्ये या कामाची गणना करावी लागते. ऑलिव्हर बिंबर यांच्यासह लिहिलेले ‘स्पेशियल ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ (२००५) हे पुस्तक याच वाटेवरचे.

मित्सुबिशी प्रयोगशाळा (२००८ पर्यंत) : केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेतील ही वर्षे प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने सर्वांत कसदार आहेत. विद्यापीठाबाहेरची असूनही ती त्यांच्या अध्यापकीय कारकिर्दीचा पाया ठरली.

२००४ मध्ये सादर झालेल्या कॅमेऱ्यात भिंगाभोवती चार फ्लॅश बसवलेले होते. प्रत्येक फ्लॅश पेटवून एकेक छायाचित्र घ्यायचे. वस्तूची कड जिथे मागच्या पृष्ठभागापासून सुटी असते, तिथे फ्लॅशच्या विरुद्ध बाजूला बारीक सावली पडते. चारही चित्रे ताडून पाहिली की खरी कड कोणती आणि नुसता रंगबदल कोणता, हे कळते. इंजिनाच्या गुंतागुंतीच्या भागांचे छायाचित्र त्यामुळे सुबक रेखाचित्रासारखे मिळवता आले.

दुसरे काम २००६ चे, अमित अग्रवाल आणि जॅक टंबलिन यांच्यासह केलेले, थरथरत्या शटरचे. धावत्या गाडीचे छायाचित्र फरकटते, कारण शटर उघडे असताना गाडीची प्रतिमा सरकत राहते. फरकटलेले चित्र गणिताने पूर्ववत करण्याचे प्रयत्न जुने होते, पण सलग उघड्या शटरमुळे काही बारकावे पूर्णपणे पुसले जातात आणि जे नोंदलेच गेले नाही ते परत मिळवता येत नाही. रासकर आणि सहकाऱ्यांनी उद्भासन (शटर उघडे राहण्याचा काळ) सलग न ठेवता त्याचे ५२ तुकडे केले आणि ठरावीक, पण यादृच्छिक वाटणाऱ्या क्रमाने शटर उघडले व मिटले. निम्मा प्रकाश वाया जातो, परंतु कोणताही बारकावा साफ पुसला जात नाही, त्यामुळे उलटे गणित सुटते आणि गाडीवरची अक्षरे वाचता येतात. पुढे पुष्कळ जास्त गाजलेल्या प्रयोगांपेक्षा हा निबंध मोठा मानावा, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे. पुरेशी माहिती घेतली गेली नसेल तर नंतरची हुशारी उपयोगी पडत नाही, म्हणून चित्र घेतानाच हिशेब केला पाहिजे, ही संगणकीय छायाचित्रणाची मूळ भूमिका इतक्या साध्या साधनाने क्वचितच सिद्ध झाली आहे.

एमआयटी (२००८ पासून) : मीडिया लॅबमध्ये रुजू झाल्यावर कॅमेरा कल्चर गट उभा राहिला. २०१० मध्ये व्हितोर पाम्प्लोना, अंकित मोहन आणि मानुएल ऑलिव्हेरा यांच्यासह ‘नेत्रा’ हे चष्म्याचा नंबर काढण्याचे साधन सादर झाले. चष्म्याचा नंबर काढणाऱ्या एका प्रस्थापित पद्धतीत डोळ्यात लेसर सोडून परत आलेला प्रकाश संवेदकाने मोजतात. येथे ती दिशा उलटी केली. मोबाइलच्या पडद्यावर छोटी भिंगजोडणी लावायची, तिच्यातून पाहणाऱ्याने दिसणाऱ्या रेषा कळ दाबून एकमेकींवर आणायच्या आणि त्यासाठी रेषा किती सरकवाव्या लागल्या त्यावरून नंबर काढायचा. जोडणीचा खर्च दोन डॉलरपेक्षा कमी ठेवता येईल, असे त्या वेळी सांगितले गेले. पाहणाऱ्याने डोळा ताणून धरला तर नंबर चुकण्याचा संभव असतो. स्वतः पाहून जुळवण्याच्या सर्वच पद्धतींना ही मर्यादा आहे, आणि हे साधन नेत्रतज्ज्ञाच्या तपासणीला पर्याय की पूरक, याबद्दल एकमत नाही. त्यातून ‘आयनेत्रा’ ही कंपनी निघाली. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी ‘कॅट्रा’ (२०११) हे साधनही झाले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेशी गटाचे सहकार्य होते.

फेम्टो-छायाचित्रण हे सर्वाधिक प्रसिद्धी मिळालेले काम. आंद्रेआस वेल्टन आणि रसायनशास्त्रज्ञ मौंगी बावेंडी (२०२३ चे नोबेल विजेते) यांचा त्यात वाटा मोठा आहे. बाटलीतून सरकणारा प्रकाशाचा पुंजका चित्रफितीत पाहता येतो. ‘सेकंदाला एक लाख कोटी चित्रे’ असे वर्णन सर्वत्र आढळते. २०१३ च्या सिग्राफ निबंधात मात्र एका चित्राचा परिणामी काळ १.८५ पिकोसेकंद, म्हणजे साधारण ५० हजार कोटी चित्रे, असा आहे. एवढ्या वेळात प्रकाश अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडासाच पुढे जातो. हेही लक्षात घ्यावे, की ही एकाच स्पंदाची चित्रफीत नाही. वापरलेला कॅमेरा एका वेळी देखाव्याची एकच आडवी रेघ टिपतो. तसेच स्पंद पुन्हा पुन्हा सोडून आणि आरशाने रेघ सरकवत पूर्ण दृश्य जमवावे लागते, आणि त्याला तासभर लागू शकतो.

याच यंत्रणेने कोपऱ्यापलीकडची, थेट न दिसणारी वस्तू ओळखण्याचा प्रयोग ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झाला. लेसरचा प्रकाश भिंतीवर आपटतो, त्यातला थोडा लपलेल्या वस्तूवर जातो, तिथून पुन्हा भिंतीवर आणि मग कॅमेऱ्यात. परतायला लागलेल्या वेळातील सूक्ष्म फरकांवरून वस्तूचा आकार काढला जातो. कल्पनेचे पहिले रूप अहमद किरमानी आणि सहकाऱ्यांसह २००९ मध्ये मांडले गेले होते. अपघात टाळणाऱ्या गाड्या, बचावकार्य, शरीरातले चित्रण असे उपयोग त्या वेळी सुचवले गेले. निबंधातली मांडणी प्रयोगशाळेच्या टेबलावरची होती. या विषयाला आता स्वतंत्र शाखेचे रूप आले असून वेल्टन विस्कॉन्सिन विद्यापीठात ते काम पुढे नेत आहेत.

अध्यापन : संगणकीय कॅमेरा आणि छायाचित्रण हा अभ्यासक्रम. नव्या कल्पना कशा काढाव्यात यासाठी त्यांनी शिकवलेला ‘कल्पना-षट्कोन’ विद्यार्थ्यांत परिचित आहे. हाती असलेली एक कल्पना घेऊन तिला पुढची मिती द्यायची, तिला भलत्याच कल्पनेशी जोडायचे, एका साधनासाठी अनेक प्रश्न शोधायचे, एका प्रश्नासाठी अनेक साधने, तिला एखादे विशेषण लावून पाहायचे, किंवा तिच्या नेमके उलट करायचे. ‘नेत्रा’ हे सहाव्या प्रकाराचे उदाहरण म्हणता येईल. गटातून बाहेर पडलेल्यांपैकी गॉर्डन वेटझ्स्टाइन (स्टॅनफर्ड) स्वतः प्राध्यापक आहेत. मित्सुबिशीपासूनचे सहकारी अशोक वीरराघवन राइस विद्यापीठात आहेत.

नाशिक : २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आधीपासून रासकरांच्या सहभागाने ‘कुंभथॉन’ या नावाने गर्दी, आरोग्य, निवास यांवरच्या कल्पनांची शिबिरे भरली. पायाखाली अंथरायच्या, दाबावरून माणसे मोजणाऱ्या चटईचा प्रकल्प त्यांतला. सिंहस्थानंतर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने शहरात ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र चालवले. एमआयटीतल्या कामाची निबंधांमुळे जशी तपशीलवार नोंद आहे, तशी या उपक्रमांची नाही, आणि त्यातले काय टिकले याचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला जायला हवा.

इतर : बंद पुस्तकाची पाने टेराहर्ट्झ लहरींनी वाचण्याचा प्रयोग (२०१६). कोविडकाळात ‘सेफ पाथ्स’ हे संपर्कशोधाचे ॲप (२०२०). पुढे विदा न हलवता शिकणाऱ्या यंत्रप्रणाली.

सन्मान : ‘टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ मासिकाच्या तरुण संशोधकांच्या यादीत समावेश (२००४), स्लोन अधिछात्रवृत्ती (२००९), लेमेलसन-एमआयटी पारितोषिक, ५ लाख डॉलर (२०१६), कॉम्प्युटर ग्राफिक्समधील कामगिरीसाठी सिग्राफचा पुरस्कार (२०१७). २०१६ पर्यंत त्यांच्या नावावर ७५ हून अधिक पेटंटे होती.