शब्दांच्या भावमूल्याचे मापन : कोलकाता आणि हाँगकाँग

इलिनॉय विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड यांनी सूसी व टॅननबाउम या सहकाऱ्यांसह १९५७ मध्ये 'द मेझरमेंट ऑफ मीनिंग' हा ग्रंथ सिद्ध केला. परस्परविरुद्ध विशेषणांची जोडी घ्यावी, तिच्यामध्ये सात पायऱ्या कल्पाव्यात आणि शब्द कोणत्या पायरीवर बसतो हे उत्तरदात्यास विचारावे, अशी ही पद्धती होती. उत्तरांच्या विश्लेषणातून मूल्य, सामर्थ्य व क्रियाशीलता ही तीन परिमाणे निष्पन्न झाली. तथापि ती मानवी भाषेची, की केवळ इंग्रजीची?

या शंकेपोटी पुढे अनेक भाषासमूहांत पाहणी झाली. तिचा वृत्तांत १९७५ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्यात हाँगकाँगची कँटनी चिनी, कलकत्त्याची बंगाली, दिल्लीची हिंदी आणि म्हैसूरची कन्नड यांचा समावेश होता. घर, वारा, चोर, स्वातंत्र्य यांसारखी शंभर नामे शाळकरी मुलांपुढे ठेवण्यात आली. विशेषणे मात्र भाषांतरित न करता त्यांच्याच तोंडून घेतली गेली, हा या पाहणीचा खरा विशेष होय.

चिनीत विरुद्धार्थी जोड्या मुळातच भाषेच्या घडणीत आहेत. 'मोठे' आणि 'लहान' हे शब्द जोडले की 'आकार', 'जड' आणि 'हलके' जोडले की 'वजन'. मराठीतील 'बरेवाईट', 'कमीजास्त' हे समास या दृष्टीने ताडून पाहण्याजोगे आहेत. भाषाकुले भिन्न असूनही तीच तीन परिमाणे चिनीत व बंगालीत आढळली.

निष्कर्ष महत्त्वाचा खरा. पण उत्तरदाते केवळ किशोरवयीन मुलगे होते. मुलींच्या लेखी 'घर' वा 'स्वातंत्र्य' कोणत्या पायरीवर बसते, हे त्या आकड्यांत नाही. शिवाय एका नगरास एक भाषा, असा हिशेब मांडला गेला. कलकत्त्यात तर बहुबाजारचे कँटनी सुतार आणि टांगऱ्याचे हाक्का चर्मव्यावसायिक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले. हाँगकाँगच्या मुलाचे 'घर' मोजले गेले, बंगाली मुलाचेही. टांगऱ्यातील चिनी मुलाचे 'घर' मात्र दोन्ही स्तंभांच्या बाहेर राहिले.