अनुकंपा नियुक्ती

शासकीय वा निमशासकीय सेवेत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाल्यास, नेहमीची स्पर्धात्मक निवडप्रक्रिया बाजूला ठेवून, त्याच्या कुटुंबातील एका पात्र व्यक्तीस सेवेत घेण्याच्या व्यवस्थेस अनुकंपा नियुक्ती म्हणतात. कमावती व्यक्ती अकस्मात गेल्याने ओढवलेल्या आर्थिक संकटातून कुटुंबास सावरणे, एवढाच तिचा हेतू होय. ती मृताच्या पदाचा वारसा नव्हे, तसेच त्याच्या सेवेचे बक्षीसही नव्हे. सार्वजनिक पद कुळावरून मिळू नये हे तत्त्व आणि निराधार कुटुंबास तत्काळ आधार मिळावा ही निकड, या दोहोंचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून या व्यवस्थेचा भारतातील इतिहास घडला आहे.

चाकरीत कामी आलेल्या माणसाच्या कुटुंबाची तरतूद करण्याची कल्पना जुनी आहे. मराठेशाहीत लढाईत पडलेल्या शिपायांच्या मुलांच्या संगोपनासाठी नेमणूक करून देत. तीस बालपरवेशी म्हणत. ही द्रव्यरूप मदत होती. याउलट पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, महार इत्यादींची वतने वंशपरंपरेने चालत व त्यांत पद आणि उत्पन्न ही दोन्ही वारसांकडे जात. ब्रिटिश अमदानीत १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत पदांच्या अधिनियमाने या पद्धतीस कायद्याची चौकट मिळाली. वतनामुळे माणूस पिढ्यान्‌पिढ्या एकाच कामाला जखडला जातो, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. स्वातंत्र्यानंतर परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या आणि मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या अधिनियमान्वये संपुष्टात आले.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ ने सार्वजनिक सेवायोजनात सर्व नागरिकांना समान संधीची हमी दिली आणि त्याच्या दुसऱ्या खंडाने धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवास या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. आंध्र प्रदेशातील ग्राममुन्सफाच्या वंशपरंपरागत पदासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये असे पद कुळाच्या आधारे देणे घटनाबाह्य ठरविले. पद वारशाने मिळण्याचा मार्ग अशा रीतीने बंद झाला. पण कर्मचाऱ्यामागे राहिलेल्या कुटुंबाचा प्रश्न शिल्लक राहिला.

या प्रश्नास पहिले व्यापक उत्तर मिळाले ते १९६४ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेने. तथापि हे निवृत्तिवेतन मृताच्या वेतनाचा एक अंश असे. शिपाई, कारकून अशा कनिष्ठ पदांवरील कर्मचाऱ्याच्या विधवेस व शिकत्या मुलांना ते अपुरे पडे. त्यामुळे कुटुंबातील एकास नोकरी देण्याच्या योजना केंद्र शासन, राज्ये, रेल्वे, बँका व सार्वजनिक उपक्रम यांत रूढ झाल्या. उत्तर प्रदेशाने १९७४ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केले. कोळसा उद्योगात तर ही तरतूद कामगार संघटनांशी झालेल्या राष्ट्रीय वेतनकरारात समाविष्ट झाली. केंद्र शासनाने १९९८ मध्ये आपल्या योजनेची पुनर्रचना केली. तीनुसार कनिष्ठ गटांतील सरळसेवेच्या रिक्त पदांपैकी ५ टक्के पदांची मर्यादा ठेवण्यात आली.

न्यायालयीन निर्णयांनी या व्यवस्थेस निश्चित रूप दिले. सीमा रस्ते विभागातील एका भांडारपालाचा १९८२ मध्ये मृत्यू झाला. त्याच्या पत्नीने लिपिकाची चाचणी उत्तीर्ण करूनही तिला नियुक्ती नाकारण्यात आली. १९८९ मध्ये तिच्या बाजूने निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अशी प्रकरणे वर्षानुवर्षे प्रलंबित ठेवणे अनुचित असून योग्य पद रिकामे नसल्यास अधिसंख्य पद निर्माण करावे. पाच वर्षांनी न्यायालयाचा सूर सावध झाला. हरियाणातील एका प्रकरणात १९९४ मध्ये त्याने अनुकंपा नियुक्ती हा गुणवत्तेनुसार भरतीच्या नियमास अपवाद असल्याचे सांगून त्याच्या मर्यादा आखल्या. केवळ मृत्यू हे पुरेसे कारण नव्हे; कुटुंबाची आर्थिक स्थिती तपासली पाहिजे, नियुक्ती सर्वांत खालच्या दोन वर्गांपुरतीच असावी आणि संकटकाळ उलटून गेल्यावर हा हक्क म्हणून मागता येणार नाही, असे ते सूत्र होय. केवळ सहानुभूतीपोटी न्यायालयांना नियमाविरुद्ध नियुक्तीचा आदेश देता येत नाही, असे त्याच वर्षी आयुर्विमा महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात २६ ऑक्टोबर १९९४ च्या शासन निर्णयाने योजनेची सुधारित चौकट घातली. नंतरचे फेरबदल २०१७ मध्ये एकत्रित करण्यात आले. गट क व गट ड मधील पदांवर नियुक्ती, प्रतीक्षासूची, रिक्त पदांच्या १० टक्क्यांची मर्यादा आणि वयाच्या ४५ वर्षांपर्यंतच नाव सूचीत ठेवण्याचा नियम ही तिची प्रमुख अंगे होती. २०१९ पासून काही काळ टक्केवारीची मर्यादा २० पर्यंत वाढविण्यात आली. ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या कर्मचाऱ्याचे कुटुंब अपात्र ठरविण्यात आले होते. कोविडच्या साथीनंतर, २०२१ मध्ये, गट अ व गट ब मधील दिवंगत अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांनाही योजना लागू झाली.

‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थही कालांतराने विस्तारला. लग्नानंतर मुलगी परघरची होते, या समजुतीमुळे विवाहित मुलीस जवळपास सर्वत्र वगळले जात असे. विवाहित मुलगा मात्र पात्र असे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये विशिष्ट परिस्थितीत विवाहित मुलीस पात्र ठरविले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये उत्तर प्रदेशाच्या नियमांतील ‘अविवाहित’ हे बंधन रद्द केले. दुसऱ्या विवाहापासून झालेल्या अपत्यास केवळ त्या कारणावरून नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रेल्वेसंबंधीच्या प्रकरणात दिला. सूचीतील एका वारसाऐवजी दुसऱ्याचे नाव घेण्यास महाराष्ट्रात असलेली मनाई मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२४ मध्ये अमान्य केली.

या व्यवस्थेतील मूळ विसंगती मात्र कायम आहे. तिचे समर्थन तातडीच्या गरजेवर उभे आहे. पण पदांच्या मर्यादेमुळे अर्जदारास प्रतीक्षासूचीत वर्षे काढावी लागतात. पुढे तोच विलंब, ‘कुटुंब इतका काळ तगले, त्याअर्थी निकड उरली नाही’, या युक्तिवादाचा आधार ठरतो. मृत्यूनंतर दीर्घ काळ लोटलेल्या पश्चिम बंगालमधील प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हीच भूमिका घेतली. विलंब प्रशासनाचा असला, तरी त्याचा भार अशा वेळी कुटुंबावरच पडतो. सार्वजनिक बँकांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी नोकरीऐवजी एकरकमी मदतीचा पर्याय स्वीकारला होता. २०१४ मध्ये त्या पुन्हा नियुक्तीकडे वळल्या. रोख मदत त्वरेने देता येते व खुल्या स्पर्धेतील बेरोजगारांच्या संधीस धक्का लावत नाही. नोकरीने मात्र कुटुंबास कायमचे उत्पन्न मिळते. अनुकंपेचे पुन्हा वतन होऊ नये, ही न्यायालयांची चिंता रास्त आहे. परंतु वेळेवर न पोहोचणारी अनुकंपा आपला एकमेव आधारच गमावून बसते.