सांडव्याची सोय

पाणी साठवणे सोपे, जास्तीचे पाणी नीट घालवणे कठीण. आमच्या सिंदेवाहीकडे गावोगावी तलाव आणि बोड्या आहेत, त्यामुळे हे कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही. तरीही या गोष्टीचा इतिहास सलग मांडावा असे मला वाटले, त्याला निमित्त झाली नागपूरला नातवाने ठेवलेली माशांची काचेची टाकी.

त्याची अडचण अशी. मासे वाढले, घाण वाढली, छोटी गाळणी पुरेना. उपाय म्हणजे खालच्या कपाटात दुसरी टाकी ठेवायची. घराच्या पाण्याच्या हौदाला आपण संप म्हणतो, तोच शब्द इथेही चालतो. वरचे पाणी खाली उतरणार, स्पंज आणि खड्यांतून गाळले जाणार, पंपाने परत वर जाणार. खड्यांवर वाढणारे जीवाणू माशांच्या विष्ठेतला विषारी अमोनिया बदलून कमी घातक करतात. संप मोठा तेवढे वरचे पाणी स्थिर. पण वरच्या टाकीला भोकच नाही! भरलेल्या टाकीची काच कोण कोरणार? आणि काच टफन केलेली असली तर ड्रिल लागताच चुरा. "आबा, भोक न पाडता पाणी बाहेर कसं काढायचं?" असे त्याने विचारले.

उत्तर आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. पाळ न फोडता तलावातले पाणी घ्यायचे तर तो पाण्याने भरलेला पाइप पाळीवरून टाकतो. एक तोंड तलावात, दुसरे खाली बांधीत. हवेच्या दाबाने पाणी पाळ चढते आणि पलीकडे पडते. शाळेत आपण यालाच वक्रनलिका म्हणून शिकलो. काचेच्या टाकीला हेच करतात. आत एक छोटी पेटी, बाहेर एक पेटी, दोन्हींना जोडणारी उलट्या यू आकाराची नळी. आतल्या पेटीच्या काठावरून सांडेल तेवढेच पाणी नळीत जाते, म्हणून टाकी रिकामी होत नाही. बाहेरच्या पेटीतही एक काठ उंच ठेवलेला असतो. त्यामुळे पंप थांबला तरी नळीची दोन्ही तोंडे पाण्यात बुडालेली राहतात आणि वीज आली की प्रवाह आपोआप सुरू होतो.

धोका दोन बाजूंनी असतो. वीज गेली की वरचे पाणी काठाच्या पातळीपर्यंत खाली उतरते. टाकी ४ फूट लांब आणि दीड फूट रुंद असेल तर एका इंचाला सुमारे १४ लिटर पाणी येते. तेवढी जागा संपात रिकामी हवी. उलट, नळीत बुडबुडे साचून प्रवाह तुटला तर पंप वर पाणी चढवतच राहतो आणि घरभर तळे होते! म्हणून संपातल्या पंपाच्या कप्प्यात, वरची टाकी सामावून घेईल तेवढेच पाणी ठेवायचे. थोडक्यात, खाली रिकामी जागा हवी आणि वरही हवी.

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने वक्रनलिकेचे कितीतरी प्रकार लिहून ठेवले. लोकांना मासे दाखवणारे पहिले मत्स्यालय १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उघडले. पण पाणी टिकवण्याचे गमक सापडले ते विल्यम आल्फर्ड लॉइड याला. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मत्स्यालयात त्याने दाखवण्याच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद खाली अंधारात ठेवला आणि वाफेच्या पंपाने पाणी फिरते ठेवले. आजच्या संपाचा हा आजोबाच म्हणायचा. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन देण्याची चाल पाडली, असे सांगतात. कोहळी समाजाने हे काम अंगावर घेतले आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आजच्या चार जिल्ह्यांत तलावांचे जाळे विणले. आज त्यांची गणती सहा हजारांवर जाते. यात भिंत बांधण्याइतकेच मोठे काम पाण्याचा उतार ओळखण्याचे होते. मातीची पाळ वरून पाणी गेले की वाहून जाते. म्हणून सांडवा पाळीच्या मधे न ठेवता बाजूला, कठीण मुरमाच्या जागी काढायचा. आमच्याकडे त्याला सलंग म्हणतात आणि पाणी सोडण्याच्या दाराला तुडुम. वरच्या तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, तिथून धानाच्या बांधीत. प्रत्येक तलाव खालच्याचा दाता आणि वरच्याचा संप! पंप मात्र कुठेच नाही, परत वर नेण्याचे काम पाऊसच करतो. पहिल्या मोठ्या पावसात सांडव्याच्या धारेला लागून मासे उलटे चढतात, तेव्हा ढीवर बांधवांचा हंगाम सुरू होतो.

उभ्या धरणाला नंतर सोय जोडण्याचे मोठे उदाहरण पुण्याजवळ आहे. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. पुढे पाणी कमी पडू लागले, पण भिंत उंच करणे खर्चाचे होते. १९०३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी दारे बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की दारे उघडत, उतरले की मिटत. धरण न फोडता, न वाढवता साठा सुमारे ८ फूट वर गेला.

आपल्या तलावांचे पुढे काय झाले? इंग्रजांच्या काळात, १८६० नंतरच्या जमीनबंदोबस्तात गावचे पाटील मालगुजार झाले, तलाव त्यांच्या मालकीचे झाले. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे 'मामा' तलाव! मालगुजारी गेली हे चांगलेच झाले, त्या काळातली वेठबिगारी कोणाला परत नको आहे. पण पावसाळ्यापूर्वी गावाने मिळून सांडवा साफ करायचा, पाळीवरची झुडपे काढायची, ही शिस्तही तिच्याबरोबर गेली. सरकारी तलावाचा सांडवा हा सगळ्यांचा, म्हणून कोणाचाच नाही. काही ठिकाणी जास्त पाणी साठावे म्हणून तो बुजवतात, काही ठिकाणी बुडणारे शेत वाचावे म्हणून फोडतात. खालच्या ओढ्यात घरे आणि शेते सरकतात. मग एका रात्रीच्या पावसात पाळ फुटते आणि दोष पावसाला!

२०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. गाळ काढणे हवेच, पण तो काढला म्हणजे फक्त पोट मोठे होते. तोंड आणि वाट तशीच राहिली तर वाढलेले पोट कामाचे नाही. नव्या काळातही साखळी जोडता येते, हे गोसीखुर्दचा उजवा कालवा सावली तालुक्यातल्या आसोलामेंढा तलावाला जोडला गेला यावरून दिसतेच. जुना तलाव नव्या धरणाचा संप झाला.

माझे म्हणणे एवढेच. गावच्या तलावाची चर्चा होते तेव्हा पाणी किती साठेल हे सगळे विचारतात, सांडलेले पाणी कुठे जाईल हे कोणी विचारत नाही. ग्रामसभेत यंदा पावसाळ्याआधी हा दुसरा प्रश्न आधी विचारा. आणि घरात माशांची टाकी असेल तर पंप एकदा बंद करून बघा, खालच्या संपात जागा उरते का ते!