दोन वाजताची हाक : मॅट्रिक, झोप आणि सोलापूरचे वसतिगृह

१/ परीक्षेचा इतिहास आपण बहुधा निकालांवरून वाचतो. तो रात्रींवरूनही वाचता येतो. परळच्या चाळीतील एक खोली आणि १९२५ साली सोलापुरात उघडलेले एक वसतिगृह यांना जोडणारा दुवा आहे झोप. #थ्रेड

२/ मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्या. रानडे व रा. गो. भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. पुढे कित्येक दशके इलाख्यातील मुले एकाच कसोटीला बसत आली. प्रश्नपत्रिका समान होती. तिच्या आधीच्या रात्री समान नव्हत्या.

३/ विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. स्वयंपाक, निजणे, अभ्यास, सारे तेथेच. धाकटा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होता. घर जागे असेपर्यंत त्याला शांतता मिळणे अशक्य होते.

४/ रामजींनी त्यावर उपाय काढला. मुलाला ते लवकर निजवीत आणि स्वतः जागत बसत. रात्री दोनच्या सुमारास त्याला हाक मारून उठवीत व स्वतः आडवे होत. मग रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यापाशी पहाटेपर्यंत अभ्यास चाले.

५/ आज निद्राशास्त्र सांगते की सर्वांत गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात लागते आणि दिवसा शिकलेले पक्के होण्यास ती साहाय्य करते. रामजींच्या व्यवस्थेत तेवढा पूर्वार्ध मुलाच्या वाट्याला येत होता. उत्तररात्रीची झोप मात्र बुडतच होती. आणि पूर्वरात्रीचे जागरण वडिलांच्या माथी होते.

६/ १९०७ साली भीमराव मॅट्रिक उत्तीर्ण झाले. गुण ७५० पैकी २८२. हा आकडा चरित्रांत नोंदला गेला आहे. तो मिळवण्यासाठी दोन माणसांनी वाटून घेतलेली झोप कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदली जात नाही.

७/ आता सोलापूर. १८७०च्या दशकात येथे कापडगिरणी उभी राहिली. लोक तिला आजही ‘जुनी गिरणी’ म्हणतात. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. १९२२च्या फॅक्टरी कायद्याने प्रौढ कामगारांवर घातलेली मर्यादासुद्धा दिवसाला अकरा तास, आठवड्याला साठ तास अशी होती. अशा घरात मुलाने केव्हा वाचावे आणि केव्हा निजावे, हे घड्याळापेक्षा घरातील माणसांच्या पाळीवर ठरणार, हे उघड आहे.

८/ २० जुलै १९२४ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात हायस्कूलच्या दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. जेवण, कपडे व लेखनसाहित्य यांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिले.

९/ योगायोग पाहा. १९२४ सालीच अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक अक्षरगट पाठ करावयास दिले. आठ तास झोपल्यानंतर निम्म्याच्या आसपास आठवले. तितकाच वेळ जागे राहिल्यावर एखाददुसराच. झोप म्हणजे अभ्यासातून वजा झालेला वेळ, या समजुतीला तो मोठा धक्का होता.

१०/ सोलापूरचे वसतिगृह या प्रयोगावरून निघाले नव्हते. ते निघाले शिक्षणाच्या निकडीतून. परंतु वसतिगृह देते काय? पोटाला अन्न, पुस्तकाला दिवा आणि पाठीला स्वतःची जागा. यांतील तिसरी गोष्ट परळच्या त्या खोलीत दोघांना एकाच वेळी पुरत नव्हती.

११/ ‘रात्रीचा दिवस केला’ असे आपण कौतुकाने म्हणतो. जिद्दीचा गौरव जरूर व्हावा. पण ज्याने स्वतः ते जागरण भोगले, त्याने पुढच्या पिढीला जागरणाचा उपदेश केला नाही. तिच्यासाठी निजायला आणि वाचायला छप्पर उभारले. समान परीक्षेचा हक्क खरा करायचा, तर समान रात्रीची तजवीज आधी करावी लागते. सोलापुरात तिचा एक आरंभ १९२५ साली झाला.