देवाला वाहिलेली मुलगी कोणाच्या घरची असते?



धर्माच्या नावाने बाईवर अत्याचार झाला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे गप्प बसतात. एकांना धर्म बुडेल याची भीती असते, तर दुसऱ्यांना समाजाची बदनामी होईल याची. पहिल्यांबद्दल चळवळीत आपण भरपूर बोलतो. आज आम्हाला दुसऱ्यांबद्दल बोलायचे आहे, कारण ती आपल्यातलीच आहेत.

वस्तीत काम करताना एका घरी बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आम्हाला जट दिसली. शाळा बंद केलेली. आजी म्हणाली, "देवीनं मागितलीय, आम्ही काय करणार?" केस नीट धुतले-विंचरले नाहीत तर त्यांचा गुंता होतो आणि गुंत्याची जट होते, इतकी ती साधी गोष्ट. पण त्या गुंत्यावर एका मुलीचे अख्खे आयुष्य ठरणार होते. आम्ही बैठकीत विषय काढला, तेव्हा एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "ताई, हे बाहेर बोलू नका. आधीच लोक आपल्याला नावं ठेवायला टपलेत."

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असेल. पण आपल्या चळवळीचा इतिहास नेमके याच्या उलट सांगतो.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. महारांना सैन्यात पुन्हा घ्यावे म्हणून इंग्रज सरकारकडे अर्ज करणारे हेच कांबळे. 1910 साली तर त्यांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली. म्हणजे आपला समाज लायक आहे, प्रतिष्ठित आहे, हे राज्यकर्त्यांना पटवून देण्याची त्यांना किती निकड होती, याचा विचार करा. अशा माणसाने घरातले दुखणे झाकायला हवे होते ना? त्यांनी ते झाकले नाही. त्याच काळात त्यांनी आपल्या मासिकातून मुरळीच्या चालीवर हल्ला चढवला.

मुरळी म्हणजे जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेली मुलगी. नवस फेडायचा म्हणून आईबाप लेकीचे देवाशी लग्न लावत. भंडारा उधळला, गळ्यात कवड्यांची माळ पडली की तिला दुसऱ्या कोणाशी लग्न करता येत नसे. नाव देवाचे, आणि शरीरावर हक्क गावातल्या ऐपतदाराचा. ज्याला तिचा स्पर्श दिवसा विटाळ वाटे, त्याला रात्री तो चाले. मुली इतर जातींतूनही वाहिल्या जात, पण अस्पृश्यांच्या घरांवर या चालीचे ओझे फार मोठे होते.

कांबळे यांच्या आवाहनाला उत्तर कोणी दिले? शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळीनेच. तिचे पत्र 'सोमवंशीय मित्र'मध्ये छापून आले. चळवळीतला एक तरुण तिच्याशी लग्न करायला पुढे आला. ज्या काळात दलित स्त्रीला अक्षरओळख मिळणेही दुरापास्त होते, त्या काळात जिच्यावर अन्याय झाला तीच छापील पानातून बोलली. हे धैर्य तिच्यात होते, आणि तिला पान देण्याचे धैर्य आपल्या लोकांत होते.

याच्या जेमतेम वीस वर्षे आधी पुण्यात काय चालले होते तेही आठवा. बंगालमधली फुलमणी ही अजाण मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. 1891 साली सरकारने संमतिवय 10 वरून 12 वर नेले, तेव्हा टिळकांसह सनातनी मंडळींनी 'परक्या सरकारची धर्मात ढवळाढवळ' म्हणून रान उठवले. मुलीच्या जिवापेक्षा धर्माची अब्रू मोठी ठरली. कांबळे यांनी मात्र समाजाच्या अब्रूपेक्षा मुलगी मोठी मानली. मग आज 'बाहेर बोलू नका' म्हणणारे आपण कोणाचे वारसदार आहोत?

बाबासाहेबांनी या प्रश्नाच्या मुळावर बोट ठेवले. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात त्यांनी दाखवले की सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या सुट्या सुट्या वाईट चाली नाहीत. जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून जातीने वापरलेली ती साधने आहेत. चाल आधी आली, तिचे गोडवे गाणारे तत्त्वज्ञान मागाहून आले. हीच कसोटी मुरळीला लावा. 'देवाची नवरी' हा गौरवाचा शब्द आहे, पण तो एका वापरलेल्या मुलीवर घातलेली शाल आहे. वरच्या जातीची बाई जातीच्या शुद्धतेसाठी घरात कोंडली, खालच्या जातीची बाई देवाच्या नावाने उघड्यावर टाकली. दोन्ही दारांची किल्ली एकाच व्यवस्थेच्या हातात.

म्हणूनच 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांच्यासमोर वाघ्या-मुरळी, देवदासी, जोगतिणी बसल्या होत्या. धर्मांतरावरची मुंबईतली महार परिषद होऊन पंधरवडाच झाला होता. अशा वेळी या स्त्रियांना 'नंतर बघू' असे न सांगता, हे जिणे सोडा आणि संसार थाटून मानाने जगा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. काही अभ्यासक विचारतात की उपदेश बाईलाच का, आणि तिच्या पोटाचे काय? प्रश्न रास्त आहे, आपण तो टाळू नये. पण त्याचे उत्तर गप्प बसणे हे नाही. तिच्या भाकरीची सोय करणे, हे त्याचे उत्तर आहे.

कायद्यावर सोडून द्यावे म्हणाल, तर कायद्याचाही इतिहास पाहा. मुंबई इलाख्यात देवदासी प्रतिबंधाचा कायदा 1934 साली झाला. 1975 साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवावी लागली. 1982 साली कर्नाटकाने कायदा केला. महाराष्ट्राला 2005 साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. पहिल्या कायद्याने काम भागले असते, तर 71 वर्षांनी दुसरा कशाला लागला असता? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची कोणाची लेकरे गेली? कायदा पुस्तकात असतो, मुलगी वस्तीत असते. त्या दोघांच्या मध्ये बोलणारा माणूस उभा नसेल, तर कायदा तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

काही मित्र म्हणतात, आपण बौद्ध झालो, आता हा प्रश्न आपला राहिला नाही. 1956 साली नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्या घरात पोहोचल्या आणि रुजल्या, तिथे हे खरे आहे. पण ज्या घरात तसबीर बाबासाहेबांची आणि नवस यल्लम्माचा, ते घरही आपलेच आहे. आणि जी मातंग किंवा अन्य वंचित भगिनी आजही त्या वाटेवर आहे, ती परकी कशी? मुक्ता साळवे या मातंग मुलीने 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये लिहिले, तेव्हा तिने महार आणि मांग दोघांचे दुःख एकत्र मांडले होते. चौदा वर्षांच्या पोरीला जे कळले, ते आपल्याला कळू नये?

दुसऱ्यांच्या धर्मातल्या अत्याचारावर बोट ठेवणे सोपे असते. आपल्या अंगणात तोच अत्याचार दिसला की जीभ जड होते. ज्याची जीभ अंगणात जड होते, त्याच्या बाहेरच्या भाषणावर विश्वास कोणी का ठेवावा?

त्या मुलीची जट कापायला आम्हाला चार महिने लागले. आजी आधी रडली, मग तिनेच कात्री हातात घेतली. मुलगी आता शाळेत जाते. बदनामी कोणाची झाली? कोणाचीच नाही. बैठकीतले ते जुने कार्यकर्ते पुढच्या वेळी स्वतः आमच्यासोबत दुसऱ्या घरी आले.

तेव्हा मित्रहो, आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात पाहा. देवाच्या नावाने एखादी मुलगी शाळेतून काढली जात असेल, तर बोला. आधी घरच्यांशी बोला, ऐकले नाही तर पोलिसांशी आणि बालकल्याण समितीशी बोला, आणि तिच्या शिक्षणाची, पोटाची जबाबदारी उचला. शिवूबाईने पत्र लिहिले तेव्हा ते छापणारे कोणीतरी होते. आज एखादी शिवूबाई बोलली, तर ऐकणारे आपण आहोत का?

जय भीम!