न्यूनगंडातला गंड

‘त्याला जरा न्यूनगंड आहे,’ असं पालकसभेत कुणीतरी सहज म्हणतं. जणू मुलाच्या आत एक गाठ आहे आणि ती काढली की झालं. ही गाठ आपल्या शब्दातच आहे. ‘गंड’ म्हणजे गाल, तशीच गाठ, सूज. गंडमाळेतला गंड तोच. ज्या ‘कॉम्प्लेक्स’साठी आपण तो वापरला, त्याच्या लॅटिन मुळात मात्र गाठ नाही, एकत्र गुंफलेलं, असा त्याचा अर्थ.

१९०४च्या सुमारास झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात कार्ल युंग स्टॉपवॉच घेऊन बसे. यादीतला एकेक शब्द तो उच्चारी; समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा. एखाद्या साध्याशा शब्दाशी माणूस अडखळला, की तिथे भावनेनं भारलेल्या आठवणींचं जाळं आहे, असं युंग ताडायचा. ते जाळं म्हणजे कॉम्प्लेक्स.

पुढे आल्फ्रेड ॲडलरचा न्यूनगंड आला. कमीपणाची भावना प्रत्येकाला असते, कारण प्रत्येक जण लहान आणि परावलंबी जन्मतो. तीच त्याला पुढे रेटते, असं त्याचं म्हणणं. तिनं माणसाचे हातपाय गळाले, तरच तो कॉम्प्लेक्स. हा फरक आपण बोलता बोलता पुसून टाकला.

असं का होतं, ते सर्ज मोस्कोविसीनं शोधलं. रुमानियातून पॅरिसला आलेल्या या मानसशास्त्रज्ञानं मनोविश्लेषण सामान्य फ्रेंच माणसात कसं झिरपलं ते तपासलं. १९६१मध्ये त्याचं पुस्तक आलं. फ्रॉइडची कामप्रेरणा लोकांच्या चित्रातून गळाली होती. कॉम्प्लेक्स मात्र टिकला, आणि तोही वस्तू होऊन: अमक्याला आहे, तमक्याला नाही. विश्लेषकासमोर बोलणं लोकांनी चर्चमधल्या पापकबुलीच्या ओळखीच्या खुंटीला टांगलं. हे विज्ञानाचं विद्रूप रूप आहे, असं मोस्कोविसीनं मानलं नाही. समाज असाच विचार करतो, असं तो म्हणाला. अशा विचाराला त्यानं नाव दिलं: सोशल रिप्रेझेंटेशन.

आपली खुंटी पाहा. न्यूनगंड ‘जडतो’, रोगासारखा. माणूस न्यूनगंडानं ‘पछाडलेला’ असतो, भुतानं धरावं तसा. रोग काय, भूत काय, दोन्ही एकट्याच्या अंगात असतात. म्हणून आपणही त्या एकट्याकडेच बघतो. मला हे फार लागतं. गावाकडून आलेलं पोर वर्गात ‘पानी’ म्हणतं, चाळीस मुलं हसतात, आणि त्या दिवसापासून ते हात वर करत नाही. प्रगतिपुस्तकात शेरा पडतो तो त्याच्या एकट्याच्या नावापुढे.