बाविसाचे अठरा

गीतेचे अध्याय अठरा, पुराणं अठरा, कुरुक्षेत्रावरचं सैन्य अठरा अक्षौहिणी. अठरा आकडा आला की त्यामागे काही तरी गूढ हिशेब असणार, असं आपल्याला वाटतंच. गोल्फच्या कोर्सवर होल अठराच का, हा प्रश्न मी बरेच दिवस त्याच श्रद्धेनं बाळगून होतो. उत्तर कळलं तेव्हा हसू आलं. कधी काळी ते बावीस होते आणि चाराचे दोन केल्यामुळे अठरा झाले, बस्स.

हे घडलं स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यातल्या सेंट अँड्र्यूज या गावी. आयुष्यात एकदा तरी कुठे कुठे खेळायचं, याची यादी प्रत्येक गोल्फवेड्याकडे असते आणि तिच्यात इथला ओल्ड कोर्स बहुधा सगळ्यात वर असतो. माझ्याही यादीत आहे. माझा खेळ पाहता त्या कोर्सला हे न कळलेलंच बरं.

हा कोर्स कोणी आखला नाही. कोकणात पुळण संपते आणि वाड्या सुरू होतात, त्यांच्या मधे वाळूचा एक पट्टा असतो, ना शेतीच्या कामाचा ना वस्तीच्या. तशाच जमिनीला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात. उंचवट्यासाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दातून तो आला. तिथे मेंढरं चरत, ससे बिळं करत. आखूड गवत, वाळूचे खड्डे, समुद्राचा वारा, सगळं आयतंच. माणसांनी फक्त काठ्या आणल्या आणि गोट्यांच्या खेळात आपण खणतो तशा गली खणल्या.

1457 साली स्कॉटलंडच्या संसदेनं या खेळावर बंदी घातली. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावतात, ही तक्रार. बंदी पुढे दोनदा नव्यानं घालावी लागली, यावरून ती किती पाळली गेली ते दिसतंच. बंदी घालणाऱ्या दुसऱ्या जेम्स राजाचा नातू चौथा जेम्स यानं 1502 मध्ये पर्थ गावातून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या, त्याही एका धनुष्य बनवणाऱ्याकडून! 1552 च्या सनदेत सेंट अँड्र्यूजच्या आर्चबिशपांनी लिंक्सवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला.

आता मूळ गोष्ट. 1754 मध्ये फाइफमधल्या बड्या असामींनी इथे गोल्फची सोसायटी काढली. ते होते 22 जण, आणि योगायोग असा की एका फेरीतले होलही 22च. किनाऱ्याकडेनं एका ओळीत जायचं आणि त्याच वाटेनं, बहुतेक त्याच होलांवर खेळत परतायचं. अकरा जाताना, अकरा येताना. 1764 मध्ये रॉस्लिनच्या विल्यम सेंट क्लेअर यांनी ही फेरी 121 फटक्यांत पुरी केली. त्याच साली सोसायटीनं ठरवलं की सुरुवातीचे चार होल फार आखूड आहेत, त्यांचे दोन करावेत. वाट एकच असल्यामुळे जाताना दोन कमी झाले, तसे येतानाही दोन. अठरा उरले. जगभरच्या गोल्फचा आकडा एका गावच्या या डागडुजीतून निघाला.

व्हिस्कीच्या बाटलीत अठरा पेग बसतात म्हणून होल अठरा, ही क्लबांत रंगवून सांगितली जाणारी कथा खोटी आहे. पण ती सांगणारा सहसा स्वतःच अनुभवसिद्ध असतो, तेव्हा वाद घालू नये.

बाकीच्यांनी हा आकडा लगेच उचलला असंही नाही. 1744 मध्ये गोल्फचे पहिले लेखी नियम झाले ते लीथमध्ये, आणि तिथे होल होते पाच. प्रेस्टविकला बारा, 1860 ची पहिली ओपन स्पर्धा तिथेच, बाराच्या तीन फेऱ्यांनी झाली. पण सेंट अँड्र्यूजची सोसायटी 1834 पासून ‘रॉयल अँड एन्शंट’ झाली होती आणि तिचा शब्द चालू लागला होता. तिनं 1858 मध्ये अठरा होल म्हणजे एक सामना असं नियमात लिहिलं, आणि पुढच्या काही दशकांत इतर कोर्स त्या मापाचे होत गेले. ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना क्लब कलकत्त्याचा, 1829 चा. तिथेही आज अठराच. मुंबईत चेंबूरलाही अठरा. जागा अपुरी पडली की नऊ, म्हणजे अठराचे निम्मे.

जुन्या एकेरी वाटेची खूण ओल्ड कोर्सवर अजून आहे. गर्दी वाढली तशी जाणारे-येणारे एकमेकांवर आदळू लागले, म्हणून ग्रीन, म्हणजे होलाभोवतीची तुळतुळीत हिरवळ, रुंद करून त्यावर दोन-दोन होल केले. अशी सात जोडग्रीनं आहेत, आणि प्रत्येकावरच्या दोन होलांची बेरीज अठरा येते: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, अशी आठव्या-दहाव्यापर्यंत. एवढ्यापुरता गूढ हिशेब आहे म्हणा.

कर्जबाजारी नगरपालिकेनं 1797 मध्ये या कोर्सची जमीन विकली आणि घेणाऱ्यांनी तिथे ससे पाळले. गोल्फवाले आणि ससेवाले यांचं भांडण कोर्टापर्यंत गेलं, ते 1821 मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदारानं जमीन विकत घेतल्यावर मिटलं. आज ती सार्वजनिक आहे, एक ट्रस्ट सांभाळतो. खेळायचं तर रोज चिठ्ठ्या निघतात, अनेकांना त्यात नाव यावं लागतं. नाही आलं तर रविवारपर्यंत थांबावं. एरवी रविवारी तिथे गोल्फ बंद असतो आणि गाव कुत्री घेऊन फिरायला येतं. तेव्हा पहिल्या टीपासून अठराव्या ग्रीनपर्यंत कोणीही चालत जाऊ शकतो, फटका न मारता.